चमकी: अर्थ, वापर आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोनाराकडे, शिवणाच्या सामानाच्या दुकानात आणि दिवाळीतल्या रांगोळीच्या गाडीवर ‘चमकी द्या’ म्हटलं, तर तिन्हीकडे वेगळी वस्तू हातात पडते. या शब्दाबद्दल, त्याच्या भावंडांबद्दल आणि खुद्द वस्तूंबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

चमकी म्हणजे नेमकं काय?

तीन वस्तू. एक, नाकात घालायचा बारीक खड्याचा दागिना. दोन, कापडावर टाकायची भोकाची चकचकीत चकती. हिलाच टिकली असंही म्हणतात. तीन, रांगोळी, शुभेच्छापत्रं, मखर यांवर भुरभुरायची चमकणारी पूड. तिन्हींत समान धागा असा की वस्तू बारीक असते आणि उजेड सलग देत नाही. मान हलली, पदर वळला, दिवा हलला की क्षणभर लखकन उजेड फेकते आणि विझते. स्टीलचं ताट चकचकीत असतं, पण त्याला कोणी चमकी म्हणत नाही.

संदर्भ नसेल तेव्हा पुढे एक शब्द जोडावा: नाकातली चमकी, साडीवरची चमकी, रांगोळीची चमकी. ऑनलाइन विकणाऱ्यांनी तर नुसतं ‘चमकी’ लिहूच नये. निम्मी चौकशी चुकीच्या मालासाठी येते.

‘चमक’ आणि ‘चमकी’ यांत फरक काय?

चमक हा गुण आहे, चमकी ही वस्तू. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, म्हणून प्रत्यय लागताना गोंधळ होतो. चमक: चमकेने, चमकेचा, चमकेमुळे. चमकी: चमकीने, चमकीचा, चमकीमुळे. ‘हिऱ्याच्या चमकीमुळे डोळे दिपले’ असं लिहिलं, तर हिऱ्याने नाकात काही घातलं होतं असा अर्थ होतो. तिथे ‘चमकेमुळे’ हवं. चमकीचं अनेकवचन चमक्या, जसं नदीचं नद्या; पुढे चमक्यांचा, चमक्यांनी. पूड असेल तर मात्र अनेकवचन करत नाहीत. ‘फरशीवर चमकी सांडली’ म्हणजे पूड, ‘चमक्या सांडल्या’ म्हणजे टिकल्या.

‘चमकीला ड्रेस’ बरोबर आहे का?

हिंदीत बरोबर, मराठीत नाही. मराठी वाचकाला ‘चमकीला’ हे चमकी + ला असं दिसतं, ‘चमकीला दोरा बांधला’ यासारखं. कापड स्वतःच चमकत असेल तर ‘चमकदार’ किंवा ‘झगझगीत’ म्हणावं आणि चमक्या लावलेल्या असतील तर ‘चमकीचा’ किंवा ‘टिकल्यांचा’.

हा शब्द आला कुठून?

‘चमत्कार’ हा शब्द याच घरातला. संस्कृतात चमत्कार म्हणजे विस्मय, एकदम थक्क होणं. उजेडाची तिरीप आणि मनाला बसलेला धक्का, या दोन्ही गोष्टी अचानक घडतात. शब्दाच्या मुळाशी तेच अचानकपण आहे. म्हणून मराठीत ‘चमकणे’चे आज चार अर्थ सुखाने नांदतात:

उजेडाचा: वीज चमकली.
दचकण्याचा: आपलं नाव ऐकून ती चमकली.
नाव कमावण्याचा: तालुक्याच्या सामन्यांत तो चमकला.
दुखण्याचा: वाकल्याबरोबर पाठीत चमकलं. याचंच नाम ‘चमक’: चमक भरणे, चमक निघणे.

‘चमको’ आणि ‘चमकोगिरी’ हे अलीकडचे शब्द तिसऱ्या अर्थावरून आले आहेत, पण नाव कमावलेल्यासाठी नाहीत. फलकावर, फोटोत, व्यासपीठावर पुढे पुढे करणाऱ्यासाठी आहेत. कौतुक म्हणून वापरू नयेत.

मग ‘चकमक’ही याच कुळातली का?

नाही. ठिणगी पाडायच्या गारेसाठीचा ‘चकमक’ हा शब्द तुर्कीतून फारसीमार्गे आला आहे. तुर्कीत आजही ‘चाकमाक’ म्हणजे लायटर. अक्षरं जुळतात म्हणून नातं जोडण्याचा मोह इथे हमखास होतो.

चमचमणे, लुकलुकणे, झगमगणे, लखलखणे: कोणतं क्रियापद कुठे?

मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे आणि ही क्रियापदं एकमेकांच्या जागी बिनधास्त टाकली जातात याचं वाईट वाटतं. प्रत्येक क्रियापद उजेड कसा येतो ते सांगतं. दिवे किती, उजेड केवढा, थांबून थांबून की सलग, आणि तो स्वतःचा की दुसऱ्याचा परतवलेला, हे चार प्रश्न विचारले की शब्द आपोआप सापडतो.

चमकणे ही एकच तिरीप. वीज चमकते, आरशावर पडलेला कवडसा चमकतो. तीच दुप्पट केली की पुन्हा पुन्हा होणारी, अनेक ठिपक्यांची क्रिया होते: चमचमणे. दुपारच्या उन्हात तळ्याचं पाणी चमचमतं, पदरावरच्या टिकल्या चमचमतात.

लुकलुकणे म्हणजे लहानसा उजेड दिसणं-लपणं. यात उजेड क्षीण असतो आणि मध्ये अंधाराचं अंतर असतं. तारे लुकलुकतात, कारण दूरच्या त्या ठिपक्याचा प्रकाश वातावरणाच्या हलत्या थरांतून येताना सतत वाकतो. ग्रह आपल्याला ठिपका नव्हे तर इवलीशी थाळी म्हणून दिसतात, त्यामुळे ते जवळपास स्थिर दिसतात. म्हणजे ‘शुक्र लुकलुकत होता’ हे वाक्य भाषेने चालेल, आकाशात सहसा चालणार नाही; शुक्रासाठी ‘तेजाळणे’ किंवा ‘झळकणे’ बरं. काजव्यांना लुकलुकणे अगदी नेमकं बसतं. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजवे पाहायला जाणाऱ्यांना दिसतं तसं, एकेकटा काजवा लुकलुकतो. पण अख्खं झाड एका लयीत पेटत-विझत असेल तेव्हा लुकलुकणे तोकडं पडतं, तिथे ‘झाड लखलखलं’ म्हणावं. बाळाच्या डोळ्यांसाठीही ‘लुकलुक बघतंय’ म्हणतात. आणि डोक्याला मार बसल्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकतात, लुकलुकत नाहीत. वाक्प्रचारात क्रियापद बदलता येत नाही.

मिणमिणणे म्हणजे क्षीण पण सलग. कंदील मिणमिणतो, तेल संपत आलेली पणती मिणमिणते. लुकलुकण्याशी याची गल्लत सर्वांत जास्त होते.

झगमगणे म्हणजे पुष्कळ दिवे आणि पुष्कळ रंग. लग्नाचा मांडव, दिवाळीतला बाजार झगमगतो. एकटी पणती कधीही झगमगत नाही.

लखलखणे म्हणजे प्रखर आणि स्वच्छ. घासलेली समई लखलखते, विजांचा लखलखाट होतो. ‘लख्ख’ हा याचा सख्खा भाऊ: लख्ख ऊन, आणि लख्ख आठवणेही.

तळपणे हे सूर्याचं आणि तलवारीचं क्रियापद. यात ऊब आणि धार आहे, म्हणून चमकीसाठी किंवा चांदण्यासाठी ते वापरत नाहीत. लकाकणे बहुतेक वेळा डोळ्यांसाठी: खाऊचा डबा दिसला आणि डोळे लकाकले.

झळकणे आज उजेडापेक्षा दिसण्यासाठी जास्त चालतं. फलक झळकतात, नाव यादीत झळकतं.

चकाकी, तकाकी, झळाळी, झिलई, पाणी: ही नामं एकच का?

चकाकी धातूची आणि काचेची. तकाकी गुळगुळीत, किंचित तेलकट पृष्ठभागाची: केसांना तकाकी, वार्निश केलेल्या लाकडाला तकाकी. झळाळी सोन्याची, वर्तमानपत्रात ‘सोन्याला झळाळी’ म्हणजे भाव वाढला. झिलई मूळची नसते, वरून दिलेली असते.

मोत्याला मात्र यांपैकी काहीच नको. मोत्याला ‘पाणी’ असतं, तो पाणीदार असतो. त्याचा उजेड वरून उसळत नाही, आतल्या पातळ थरांतून येतो, आणि जुन्या जाणकारांनी त्याला पाणी म्हटलं हे फार नेमकं आहे. ‘चमचमता मोती’ असं जाहिरातीत दिसलं तर लिहिणाऱ्याने मोती नीट पाहिलेला नाही असं समजावं.

चमचमीत म्हणजे चमचमणारं ना?

नाही! चमचमीत म्हणजे चवीला झकास, तोंडाला पाणी सुटेल असं. चमचमीत मिसळ, चमचमीत रस्सा. ‘चमचमीत साडी’ वाचून मराठी माणूस हसेल.

बाकी ‘-ईत’ लावून होणारी विशेषणं उजेडाचीच आहेत: चकचकीत भांडी, लखलखीत समई, झगझगीत दिवा. ‘तुकतुकीत’ कातडीसाठी, घोड्याच्या किंवा तान्ह्या बाळाच्या. ‘-आट’ लावला की पुल्लिंगी नाम होतं: झगमगाट, लखलखाट, चकचकाट. ‘दिव्यांची झगमगाट’ ही चूक फार दिसते. ‘दिव्यांचा झगमगाट’ लिहावं. स्त्रीलिंगी हवं असेल तर नुसतं ‘झगमग’ आहेच.

नाकातली चमकी आणि नथ यांत फरक काय?

नथ मोत्यांची, आकड्याची, सणासमारंभाला घालायची. चमकी रोजची: एक खडा, फार तर सात खड्यांचं फूल. महाराष्ट्रात दोन्ही प्रथेने डाव्या नाकपुडीत घालतात. काही भागांत चमकीला मोरणी किंवा फुली म्हणतात.

चमकी विकत घेताना काय पाहावं?

तिचे भाग तीनच: वर खडा आणि त्याचं कोंदण, मध्ये दांडी, मागे फिरकी. बिघाड जवळजवळ नेहमी मागच्या दोन भागांत होतो, आणि गिऱ्हाईक पाहतं फक्त पुढचा.

मागची बाजू तीन प्रकारची मिळते. फिरकीची चमकी सर्वांत पक्की, पण आटे झिजले की फिरकी झोपेत गळते. घेताना फिरकी घट्ट बसेपर्यंत किमान दोन-तीन पूर्ण वेढे बसतात का ते मोजावं. तारेच्या चमकीची दांडी आत वळवलेली असते, ती हरवत नाही, पण टॉवेलच्या धाग्यात अडकते. चापाची चमकी नाक न टोचलेल्यांसाठी. ती तासा-दोन तासांच्या कार्यक्रमालाच बरी, दिवसभर ठेवली तर नाकपुडी लाल होते.

दांडीची जाडी महत्त्वाची. सोनाराकडच्या चमक्यांची दांडी साधारण ०.५ ते ०.८ मिलिमीटर असते. मशीनने किंवा सुईने टोचलेलं भोक बऱ्याचदा ०.८ ते १ मिलिमीटरचं असतं. जाड दांडी काढून लगेच बारीक घातली की काही दिवसांत भोक आक्रसतं आणि जाड दांडी परत जात नाही. नवीन टोचलेलं नाक पूर्ण भरायला चार ते सहा महिने लागतात. तोवर चमकी बदलू नये.

हिरा घेत असाल तर हिशेब सेंटमध्ये होतो. १०० सेंट म्हणजे १ कॅरेट, म्हणजे ०.२ ग्रॅम. गोल पैलूंचा २ मिलिमीटर व्यासाचा हिरा सुमारे ३ सेंटचा, २.५ मिलिमीटरचा सुमारे ६ सेंटचा, ३ मिलिमीटरचा सुमारे १० सेंटचा भरतो. व्यास दीडपट झाला की वजन तिपटीहून जास्त होतं, किंमत त्याहूनही वर जाते. नाकावर ३ मिलिमीटरचा खडा चांगला ठसठशीत दिसतो. मोठ्याचा हट्ट धरू नये असं आम्ही सांगतो. सोनं फारच थोडं लागतं, म्हणून जुने सोनार चमकी गुंजांत सांगत. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम.

चमकी मंद पडली. खडा खराब झाला का?

बहुतेक वेळा नाही. हिऱ्याला तेलकट पदार्थ चटकन धरतात. चेहऱ्याचं तेल, क्रीम आणि साबण खड्याच्या मागच्या पैलूंवर बसतो. हिऱ्यात वरून शिरलेला प्रकाश मागच्या पैलूंवर आपटून परत वर येतो. तिथे थर बसला की तो मागूनच निसटतो आणि खडा काचेसारखा निर्जीव दिसतो. वाटीभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकावेत, चमकी दहा मिनिटं बुडवून ठेवावी, मऊ दातघासणीने मागून घासावी, स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडावर वाळवावी. धुताना बेसिनच्या भोकावर गाळणी ठेवावी. चमक्या तिथूनच जातात.

मागून बंद कोंदण असेल आणि आत चांदीचा वर्ख लावलेला असेल, तर अशी चमकी बुडवू नये. पाणी आत गेलं की वर्ख काळा पडतो आणि मग खडा काढून पुन्हा बसवण्यावाचून गत्यंतर नाही. मोती असेल तरी बुडवू नये, ओल्या कापडाने पुसावा.

कापडावरची: चमकी म्हणावं की टिकली?

दोन्ही चालतं. मात्र ‘टिकली’ कपाळाचीही असते आणि लहान मुलांच्या पिस्तुलात उडवायचीही, म्हणून कारागीर सपाट चकतीला टिकली आणि किंचित खोलगटीला वाटी किंवा कटोरी म्हणतात. जरदोजीच्या कामात हिलाच ‘सितारा’ म्हणतात. ‘सलमा’ म्हणजे गुंडाळलेली पोकळ तार, आणि ‘बादला’ म्हणजे चपटी केलेली तार. हे तिघं वेगळे आहेत.

चमक्या घरी टाकायच्या तर किती लागतात आणि कशा टाकायच्या?

५ मिलिमीटरच्या चमक्या एकीला एक लावून ओळीने टाकल्या, तर मीटरला २०० लागतात. अर्धी चमकी दुसरीवर चढवली तर ४००. साडेपाच मीटर साडीच्या एका काठाला म्हणजे ११०० किंवा २२००. वर दहा टक्के जास्त घ्याव्यात, कारण दर पाकिटात काहींचं भोक चुकलेलं असतं.

मण्याची पद्धत सर्वांत टिकाऊ. बारीक सुईत कापडाच्या रंगाचा पॉलिस्टर धागा दुहेरी ओवावा. सुई खालून वर काढावी, चमकीतून, मग बारीक मण्यातून न्यावी आणि मणी सोडून त्याच चमकीच्या भोकातून खाली घालावी. मणी भोकापेक्षा मोठा हवा, नाहीतर तोही खाली ओढला जातो. वाटीची चमकी असेल तर खोलगट बाजू वर ठेवावी. उलटी टाकली तर तीच चमकी निम्मीसुद्धा चमकत नाही. आणि दर आठ-दहा चमक्यांनंतर मागे गाठ मारावी. सगळी ओळ एकाच सलग धाग्यावर असेल, तर एक टाका तुटला की संपूर्ण पदर उसवतो. तयार कपड्यांत नेमकं हेच होतं.

चमकीच्या साडीला इस्त्री चालते का?

वरून कधीच नाही. आजची बहुतेक चमकी पॉलिस्टरच्या पातळ फिल्मची असते आणि ती ७०-८० अंश सेल्सिअसपुढे नरम पडू लागते. इस्त्री त्याहून कितीतरी गरम असते. वाटी सपाट होते, कडा मुडपतात आणि ते परत येत नाही. जाड टॉवेलवर चमक्या खाली करून, मागून सुती कापड ठेवून, सर्वांत कमी तापमानावर हलका हात फिरवावा. ड्रायक्लीनला देताना चमकी आहे हे आवर्जून सांगावं; काही द्रावणांनी तिचा रंग उतरतो. एखादी सुटी चमकी आधी देऊन पाहता आली तर उत्तम.

रांगोळीची चमकी कशाची असते?

पॉलिस्टरच्या फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवतात, वर रंग देतात आणि बारीक षटकोनी तुकडे करतात. षटकोनी यासाठी की पत्रा कापताना काहीच वाया जात नाही. पूर्वी हे काम अभ्रकाची भुकटी करत असे आणि अजूनही करते. तिची चमक शांत, रुपेरी असते. आम्हाला अंगणात तीच जास्त शोभते असं वाटतं.

चमकी रांगोळीच्या पुडीत आधी मिसळू नये. रांगोळी दगडाची, जड; चमकी हलकी. चिमटीतून सोडताना दोन्ही वेगळ्या होतात आणि चमकी वाऱ्याने उडते. रांगोळी पूर्ण झाल्यावर एक वीत उंचीवरून भुरभुरावी. दोन फुटी रांगोळीला अर्धा लहान चमचा पुरतो.

पाकिटावर ‘बिनविषारी’ लिहिलं असलं तरी ती खायची नसते; केकवर किंवा मोदकावर टाकू नये. डोळ्यात गेली तर चोळू नये, भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. कण टोकदार असतो आणि बुबुळावर ओरखडा उठतो. अंगाची चमकी पाण्याने जात नाही, खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा. फरशीची चिकटपट्टीने उचलावी, झाडू मारला की ती घरभर जाते.

विसर्जनाच्या मूर्तीवर प्लास्टिकची चमकी लावू नये. माती विरघळते, ती विरघळत नाही. युरोपीय संघात तर १७ ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आहेत, तेव्हा तिथल्या मराठी मंडळांनी गणपती-दिवाळीसाठी जैवविघटनशील चमकी किंवा अभ्रक वापरावं.

बेगड म्हणजे चमकीच का?

नाही. बेगड हा रंगीत चकचकीत धातूचा पातळ पत्रा, मखराला आणि ताबुताला चिकटवायचा. आत लाकूड किंवा कागद, वर चमक. म्हणून ‘बेगडी’ म्हणजे दिखाऊ, खोटं. चमकीला मात्र असा वाईट अर्थ चिकटलेला नाही.

‘चमकी ताप’ मधली चमकी कोणती?

ती हिंदीतली. बिहारमध्ये मुझफ्फरपूर भागात लहान मुलांना होणाऱ्या मेंदूज्वराला ‘चमकी बुखार’ म्हणतात. २०१९ साली त्यात शंभराहून जास्त मुलं दगावली तेव्हा हा शब्द मराठी बातम्यांत आला. तिथे चमकी म्हणजे अंगाला बसणारा झटका. आपल्या पाठीतल्या ‘चमके’च्या जवळचा हा अर्थ आहे. मराठीत लिहिताना ‘झटके येणारा मेंदूज्वर’ लिहिलं तर वाचकाचा घोळ होत नाही.

ग्लिटर, शिमर, स्पार्कलर यांना मराठीत काय म्हणावं?

ग्लिटरला चमकी, नवा शब्द घडवायची गरजच नाही. शिमर म्हणजे कण वेगळे न दिसता येणारी मंद झळाळी, तिला ‘झळाळी’ किंवा ‘झाक’ म्हणावं: सोनेरी झाक असलेली लिपस्टिक. स्पार्कलर म्हणजे आपली फुलबाजी. तिच्या ठिणग्यांना बहुतेक घरांत ‘फुलं’ म्हणतात, आणि तिच्यासाठीचं क्रियापद उजेडाचं नसून आवाजाचं आहे: फुलबाजी तडतडते.